करंडा

१९८४ चा मे महिना. साताऱ्याच्या वाचनालयात दोन महिने नंबर लावून ठेवला होता, तेव्हा कुठे 'शिकस्त' माझ्या हाती आली. ना. सं. इनामदारांची ही कादंबरी आदल्याच वर्षी निघाली होती आणि वाचनालयातली एकुलती एक प्रत या घरातून त्या घरात फिरत होती. मुदत पंधरा दिवसांची. वर्तमानपत्राचं कव्हर घालून मी ती पिशवीत टाकली आणि एस.टी.नं गावी गेले. शाळेला सुट्टी लागली होती.

आजी सोप्यात बोटवे वळत बसली होती. ऐंशीच्या घरातली बाई, डोळ्यांत मोतीबिंदू, पण चिमटीतला पिठाचा कण अंगठ्याखाली फिरवून सुपात टाकायचा तो अगदी जवाएवढा. एक लहान नाही, एक मोठा नाही. तिनं मान वर न करताच विचारलं, "कशाचं म्हनायचं ह्ये?"

"पानिपताचं."

"म्हंजी परत लडाईच."

"नाही गं. लढाई संपल्यावरचं. भाऊसाहेबांच्या बायकोचं."

तिचा अंगठा थांबला. "मग मोठ्यानं वाच."

आजीला अक्षरओळख नव्हती, पण आमच्या घरातली सगळ्यात चोखंदळ वाचक तीच होती, असं मला आजही वाटतं. माझे वडील प्राथमिक शाळेत मास्तर. रणजित देसाईंची 'स्वामी' त्यांनी रात्री कंदिलाच्या उजेडात घरादाराला वाचून दाखवली होती. मी लहान होते, मला त्यातले घोडे आणि अंबाऱ्या आठवतात. आजीला वेगळंच आठवायचं. थोरल्या माधवरावांचं थेऊरला देहावसान झालं, रमाबाई सती गेल्या, तिथे वडिलांचा आवाज घोगरा झाला, माझी आई डोळ्यांना पदर लावून बसली. आजीनं विचारलं, "पोरगी केवढी हुती?" वडिलांना सांगता आलं नाही. "आन् सासू कुटं हुती तवा?" गोपिकाबाई तेव्हा नाशिकजवळ गंगापूरला राहत होत्या, हे वडिलांनी दुसऱ्या दिवशी शाळेतलं पुस्तक काढून सांगितलं. पुढे आम्ही थेऊरच्या चिंतामणीला गेलो, तेव्हा आजी गणपतीचं दर्शन उरकून तडक नदीकाठच्या रमाबाईंच्या वृंदावनापाशी गेली आणि तिथल्या दगडावर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली. काही बोलली नाही.

पानिपत मला शाळेत शिकवलं गेलं ते नकाशावर. तांबडे बाण मराठ्यांचे, हिरवे अब्दालीचे. १४ जानेवारी १७६१, संक्रांतीच्या सुमाराचा बुधवार, दुपारी विश्वासरावांना गोळी लागली, भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि गर्दीत दिसेनासे झाले. धडा तिथेच संपायचा. १५ जानेवारीला सकाळी काय झालं, हा प्रश्न परीक्षेत कधी आला नाही. पण फौजेबरोबर बायका होत्या, यात्रेकरू होते. काशी-प्रयाग घडेल म्हणून कित्येक जण घरदार घेऊन निघाले होते. त्यात भाऊसाहेबांची पत्नी पार्वतीबाई होती, कोवळ्या वयाचा नाना फडणीस आणि त्याची आईही होती. त्याची आई त्या धामधुमीत हरवली ती कायमची. पार्वतीबाईंना जानू भिंताडा या इमानी माणसानं घोड्यावर घालून बाहेर काढलं. ग्वाल्हेरला जे वाचले ते गोळा झाले, त्यांत ती होती. भाऊ नव्हते.

शुजाउद्दौल्याकडच्या काशीराजानं शिर नसलेलं धड ओळखल्याचं आणि त्याला अग्नी दिल्याचं लिहून ठेवलं आहे. पुण्यात हे सगळं कळलं. नानासाहेब पेशवे खचले आणि त्याच वर्षी जूनमध्ये पर्वतीवर वारले. पार्वतीबाईंनी मात्र भाऊ गेले हे मानलं नाही. त्यांनी कुंकू पुसलं नाही, केस दिले नाहीत. १७८३ साली त्यांचं निधन झालं. म्हणजे तब्बल बावीस वर्षं पेशव्यांच्या घरात त्या सौभाग्यवती म्हणून वावरल्या.

इथवर वाचून झालं आणि आजी म्हणाली, "आपल्या बाईवानी."

मीही तेच म्हणायच्या बेतात होते.

आजीच्या थोरल्या जावेला आजी 'बाई' म्हणायची. वडील तिला थोरली आई म्हणत, म्हणून आम्ही पोरंही थोरली आईच म्हणायचो. ती १९७७ साली गेली, तेव्हा मी विशीतली होते, त्यामुळे ती मला नीट आठवते. उंच, हाडापेरानं मजबूत, दंडावर गोंदलेलं. सकाळी न्हाणं झालं की ती देवळीतून फणेरपेटी काढायची. पेटीच्या झाकणाला आरसा, पारा उडालेला, त्यात धड अर्धं कपाळ दिसायचं. एका डबीत मेण आणि पितळी करंड्यात कुंकू. अनामिकेनं मेण लावायची, गोल करायची, मग करंड्यात बोट बुडवून वर दाबायची. कडेला सांडलेला कण पदराच्या टोकानं टिपून परत करंड्यात झटकायची, वाया जाऊ द्यायची नाही. रुपयाएवढं कुंकू. मी लहानपणी ते बघत बसायचे. हे कुंकू कोणाच्या नावाचं, हा प्रश्न मला पडलाच नव्हता. घरात दोन आज्या आणि एकच आजोबा, हे आम्हाला जन्मापासून माहीत होतं.

थोरले आजोबा बसऱ्याला गेले होते.

आमच्या सातारा भागात पहिल्या महायुद्धाला कोणी महायुद्ध म्हणत नसे. 'बसऱ्याची लढाई' म्हणत, कारण पलटणी मुंबईहून बोटीनं निघत आणि बसऱ्याला उतरत. पुढचा मुलूख कुणाला ठाऊक नसायचा. थोरले आजोबा १९१५ साली गेले. तेव्हा थोरली आई पंधरा वर्षांची होती. सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये हे सैन्य तैग्रिस नदीच्या वळणावर कुत-अल-अमारा नावाच्या गावात कोंडलं गेलं. वेढा १४७ दिवस चालला. धान्य संपलं, घोडी-खेचरं मारून खाण्याची पाळी आली. आपल्याकडच्या शिपायांनी ते मांस कित्येक दिवस तोंडाला लावलं नाही, जवाच्या मूठभर पिठावर ते राहिले. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली आणि सुमारे १३,००० माणसं तुर्कांच्या कैदेत गेली. तिथून वाळवंटातून पायी. हिंदी कैद्यांतल्या पुष्कळांना रास-अल-ऐनला रेल्वेच्या कामावर जुंपलं होतं.

हे सगळं मी मोठेपणी वाचलं. घरात एवढंच माहीत होतं की सरकारी कागद आला, त्यात 'बेपत्ता' असं होतं. कागद पाटलानं वाचून दाखवला. बेपत्ता म्हणजे काय, असं थोरल्या आईच्या सासूनं विचारलं. पाटील म्हणाला, म्हणजे कुठं आहे ते माहीत नाही. त्यावर सासू म्हणाली, "म्हंजी कुटंतरी हाय."

आजी या घरात सून म्हणून आली ती १९१८ च्या सुमाराला. थोरल्या दिराला तिनं कधी पाहिलं नाही. पण त्या पहिल्या संक्रांतीची गोष्ट तिनं आम्हाला किती वेळा सांगितली असेल, त्याची गणती नाही. दर वेळी त्यात एखादा तपशील वाढायचा, पण मधला भाग कधी बदलला नाही. दोघी जावा सुगडं घेऊन विठोबाच्या देवळात गेल्या. सुगडांत ऊस, बोरं, हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या लोंब्या. देवाला सुगड ठेवून बायका एकमेकींना कुंकू लावत होत्या. थोरल्या आईनं शेजारणीच्या कपाळाकडं हात नेला आणि ती शेजारीण मागं सरली. मग दुसरीही. देवळात एकदम शांत झालं. कुणी वाईट बोललं नाही. नुसत्या मागं सरल्या. आजी तेव्हा तेरा वर्षांची, नवी सून, तिला काय करावं कळेना. तेवढ्यात सासू पुढं आली. सासरे जिवंत होते, म्हणजे ती पक्की सवाष्ण. तिनं थोरल्या सुनेचं मनगट धरलं, ती बोटं स्वतःच्या कपाळाला टेकवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "लाव. माझ्या लेकाच्या नावानं लाव."

"आन् मंग?" आम्ही पोरं विचारायचो.

"मंग काय. समद्यांनी लावून घेतलं."

कितीतरी वर्षांनी मला उमगलं, की त्या दिवशी सुनेचं कुंकू राखताना ती आई आपला मुलगा राखत होती. पेशव्यांच्या वाड्यातही असंच काही झालं असेल का? माधवरावांनी आपल्या काकूचा हा विश्वास मोडला नाही, हे इतिहास सांगतो. का मोडला नाही, हे कागदात सापडत नाही. ते शोधायला मी कादंबरीकडे जाते.

स्त्रियांच्या आयुष्यावरची ऐतिहासिक कादंबरी मला इतकी का आवडते, याचा मी मनाशी पुष्कळ विचार केला आहे. पैठणी, नथ, शालू, अत्तरदाण्या यांची वर्णनं मी भराभर उलटते. बाईला रडवणं लेखकाला सोपं असतं, सजवणं त्याहून सोपं. मी वाचते ती कोठीच्या किल्ल्या कोणाच्या कमरेला होत्या, हे लेखकानं विचारलं आहे का, हे बघायला. इनामदारांच्याच 'राऊ'मध्ये मस्तानीपेक्षा मला काशीबाई अधिक खेचून घेते. नवरा देशभर घोडा फेकतो आणि ही वाड्यात, दुखऱ्या पायानं. पुढे विधवा झाल्यावर तिनं चासला सोमेश्वराचं देऊळ बांधलं, ते आजही उभं आहे. श्री. ज. जोशींच्या 'आनंदी गोपाळ'मधल्या गोपाळरावांचा मला राग येतो आणि तरी पान सोडवत नाही. कल्याणची मुलगी १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर होते आणि पुढच्याच फेब्रुवारीत पुण्यात, बाविसावं वर्षही पुरं व्हायच्या आत, संपते. हे तर कोशातही आहे. पण थंडीत नऊवारी नेसून परदेशातल्या खोलीत एकटं बसणं म्हणजे काय, ते कोश कसं सांगणार? आणि हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' लिहिली गेली तेव्हा ती ऐतिहासिक मुळीच नव्हती. १८९० पासून 'करमणूक'मध्ये ती हप्त्यांनी यायची, तेव्हा तिच्यातली यमू शेजारच्या घरात राहणारी मुलगी होती. शंभर वर्षांत ती आपोआप इतिहास झाली.

कोणी म्हणेल, कादंबरीत कल्पना फार. असतेच, आणि ती कुठे सुरू होते हे वाचकानं ओळखलं पाहिजे. मी वाचताना शेजारी इतिहासकार सरदेसायांची 'मराठी रियासत' ठेवते. पुण्याच्या पेशवे दफ्तरात हजारो रुमाल बांधलेले आहेत. सरदेसायांनी त्यांतून निवडून १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड छापले. त्यात बायका नाहीत असं नाही. गोपिकाबाईंनी नातवाला, सवाई माधवरावाला, दिवस कसा घालवावा हे लिहून पाठवलेलं पत्र तर ठसठशीत आहे, पहाटे उठण्यापासून सगळं त्यात येतं. नातवाला वळण लावणारी आजी त्या पत्रात लख्ख दिसते. पण तीन-तीन मुलगे डोळ्यांदेखत गेलेल्या त्या बाईला रात्री झोप कशी लागत असेल, ते कुठल्या रुमालात सापडणार? कागद देण्याघेण्याचे असतात. वाट बघण्याची नोंद कुणी ठेवत नाही.

बसऱ्याचंही तेच झालं. तिथे एक मोठं स्मारक आहे, ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा ४० हजारांहून अधिक सैनिकांचं. गोऱ्यांची नावं दगडावर कोरली. आपल्याकडच्या साध्या शिपायांची नावं कोरली नाहीत, पलटणीच्या नावाखाली फक्त आकडा घातला. हे मला कळलं तेव्हा मी दोन दिवस अस्वस्थ होते. थोरले आजोबा त्या आकड्यातले एक. जिथे त्यांचंच नाव नाही, तिथे त्यांच्या नावानं साठ वर्षं मेण-कुंकू लावणारीची दखल कुणी घ्यावी? आमच्या घराबाहेर तिची गोष्ट सांगणारी एक आजीच होती. म्हणून पार्वतीबाईंवर कोणी पाचशे पानं लिहितो, याचं मला इतकं अप्रूप.

वाचन आठवडाभर चाललं. रोज दुपारी जेवणं झाली की आजी सूप घेऊन बसायची आणि मी पुस्तक. ती मध्येच थांबवायची. "खात काय हुती ती?" "लुगडं कुनी घ्यायचं तिला?" "तिच्या खोलीला कडी आतनं हुती का भाईरनं?" सगळ्या प्रश्नांची उत्तरं पुस्तकात नव्हती, पण प्रश्न अचूक होते. १७७४ साली गरोदर गंगाबाईला पुरंदरावर नेलं, तेव्हा सोबत पार्वतीबाई होत्या. नारायणरावाच्या खुनानंतर सगळ्या दौलतीची आशा त्या पोटातल्या बाळावर होती, आणि त्याच्या आईजवळ कोण ठेवायचं, तर ह्यांना. हे मी सांगितलं, तेव्हा आजीनं मान डोलावली. "बरूबर हाय. रांडव आसती तर बाळंतिणीपाशी उबी केली नसती."

मला हे सुचलं नव्हतं. पार्वतीबाईंचं न मानणं मी तोवर भाबडेपणा म्हणून वाचत आले होते. प्रेमानं आंधळी झालेली, धक्क्यानं भ्रमलेली एक स्त्री. मी आजीला विचारलं, "थोरल्या आईला खरंच वाटायचं का गं, ते परत येतील म्हणून?"

आजी बराच वेळ वळत राहिली.

"दर तीन म्हैन्याला पैकं यायचं सरकारचं," ती म्हणाली. "मामंजी बाईला घिऊन साताऱ्याला जायचं, अंगठा द्यायला. समदी त्येला पिन्शन म्हनायची. बाई कदी म्हनली न्हाई. पगार म्हनायची. 'त्येंनी धाडलं' म्हनायची. मी एकदा इचारलं, बाई, त्या कागदावर काय लिवलंया तुमास्नी ठावं हाय का? तर म्हनली, मला वाचाया येत न्हाई, पर त्यो कारकून माज्या कपाळाकडं बगतो तवा मला समदं वाचाया येतं."

मी गप्प बसले.

"येडी न्हवती बाई," आजी म्हणाली. "पंधरा वर्साची पोर. पोटी लेकरू न्हाई. कुकू पुसलं आसतं तर दुसऱ्या दिशी भाकरीच्या टोपल्याखाली गेली आसती. कुनीबी काम सांगावं, कुनीबी बोलावं. पाट लावायची आमच्यात चाल न्हाई. तिनं मालक जित्ता ठेवला, म्हनून ती घरात थोरली राह्यली. माज्या लग्नात मला पयलं कुकू तिनं लावलं. तुज्या बाचं नाव तिनं ठेवलं. कोठीची किल्ली मरस्तवर तिच्या कनवटीला हुती."

"मग प्रेम नव्हतं?"

आजीनं माझ्याकडे पाहिलं. "म्या न्हवतं कुटं म्हनलं? दोनी हुतं."

हे 'दोन्ही' मी त्यानंतर प्रत्येक कादंबरीत शोधत आले आहे. ज्या लेखकाला ते सापडलं, त्याची बाई पानावर उभी राहते. ज्याला नुसतं प्रेम दिसलं किंवा नुसता हिशेब दिसला, त्याची ती कॅलेंडरवरच्या चित्रासारखी सपाट होते. पेशवाईतल्या ब्राह्मण घरातली विधवा म्हणजे केशवपन, आलवण, एकवेळचं जेवण. पार्वतीबाईंनी ते सगळं एका 'नाही'च्या बळावर बावीस वर्षं दाराबाहेर उभं ठेवलं. त्या 'नाही'त भाऊसाहेबांची माया होती आणि स्वतःचा जीवही होता. घरातल्यांना ते समजलं नसेल, असं मला वाटत नाही. थोरल्या आईच्या सासूला समजलंच होतं की.

थोरली आई गेली तेव्हाचं मला आठवतं. तिला हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला, ओटी भरली. गावातल्या सवाष्णी पाया पडायला आल्या, वाकून तिच्या कपाळाचं कुंकू बोटावर घेऊन आपापल्या कपाळाला लावून गेल्या. त्यांत एक अगदी म्हातारी होती, तिला दोघींनी धरून आणलं होतं. पहिल्या संक्रांतीला मागं सरलेली ती हीच, असं आजीनं नंतर सांगितलं. मग भावकीनं दोघांचे दिवस एकदम घातले. थोरल्या आजोबांचं पिंडदान त्याआधी कधी झालंच नव्हतं, एकसष्ट वर्षांनी झालं.

आठवड्याच्या शेवटी आम्ही तोतयापर्यंत आलो. तो बुंदेलखंडाकडचा कनोजी ब्राह्मण होता, सुखनिधान नावाचा. मी भाऊसाहेब, पानिपतातून वाचलो, असं म्हणत तो आला. त्याला किल्ल्याकिल्ल्यांवर कैदेत ठेवलं. पण रत्नागिरीहून तो सुटला आणि १७७६ साली कोकणातले किल्ले भराभर त्याच्याकडे गेले, माणसं हजारांनी जमली. लोकांना भाऊ परत यायला हवेच होते. पुढे न. चिं. केळकरांनी यावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिलं. अखेर तो पकडला गेला आणि त्याच वर्षी डिसेंबरात पुण्यात त्याला देहदंड झाला. ते सगळे महिने वाड्यात पार्वतीबाई होत्या. बाहेर गाव म्हणतं आहे की तुझा नवरा आला, आणि कारभारी म्हणताहेत की तो नव्हे. पंधरा वर्षं ज्याच्यासाठी कपाळ राखलं, त्याच्या नावाचा माणूस हाकेच्या अंतरावर. जाऊन बघावं, की बघू नये?

मी इथे थांबले. माझाच आवाज मला साथ देईना. ऊन परसात उतरलं होतं, वाळवणाच्या चादरीवर चिमण्या आल्या होत्या, पण आजीनं त्यांना हाकललं नाही. तिचे हात सुपात तसेच राहिले होते.

"नशिबाची," ती म्हणाली.

"कोण? पार्वतीबाई?"

"व्हय." तिनं सूप बाजूला सारलं, गुडघ्यावर हात देऊन उठली आणि चिमण्यांकडं जाता जाता म्हणाली, "आमच्या बाईच्या दारात तोतया बी आला न्हाई गं."